एक 'जस्ट' माणूस

मार्च महिन्यातील रविवार होता. संत योसेफचा सण चार-पाच दिवसांवर आला होता. मिस्सा आटोपल्यावर मी सहज धर्मशिक्षणाच्या सातवीच्या वर्गात डोकावलो. आमच्या वसईतील बहुतेक मुले आता इंग्रजी शाळांत शिकतात. त्यामुळे धर्मशिक्षिका बाईंनी शास्त्रपाठही इंग्रजीतूनच वाचावयास दिला होता. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पहिला अध्याय, एकोणिसावे वचन. योसेफ 'जस्ट मॅन' होता, असे त्या जुन्या भाषांतरात म्हटले आहे. मी विचारले, "जस्ट मॅन म्हणजे काय रे?" मागच्या बाकावरचा एक मुलगा तत्परतेने उभा राहिला. "फादर, म्हणजे तो फक्त माणूस होता. येशूसारखा देव नव्हता."

वर्ग हसला. बाई ओशाळल्या. मीही हसलो आणि 'जस्ट' म्हणजे न्यायी, नीतिमान, असे सांगून बाहेर पडलो. परंतु पाद्रीवाड्याच्या पायऱ्या चढताना मला वाटले, त्या मुलाचे काय चुकले? दिवसभरात तो हा शब्द पन्नास वेळा ऐकतो. आपल्या घरातील तरुण मंडळी 'जस्ट निघालो' म्हणतात, तेव्हा त्यांचा पाय अजून न्हाणीघरात असतो. 'आम्ही जस्ट फ्रेंड्स आहोत' हे वाक्य आईबापांच्या काळजात धस्स करते. 'जस्ट बघ ना', 'जस्ट पाच मिनिटे', 'जस्ट विचारले हो'. या सगळ्या गर्दीत 'न्यायी' हा अर्थ त्या पोराने ऐकावा तरी कोठे? त्याला जो अर्थ ठाऊक होता तो त्याने प्रामाणिकपणे लावला. प्रश्न मलाच पडला. 'न्यायी' आणि 'फक्त' हे दोन अर्थ एकाच चिमुकल्या शब्दाच्या पोटी आले कसे? थोरल्या भावाचे सारे घर धाकट्याने बळकवावे, तसे हे कसे झाले?

मूळ शब्द लॅटिन. 'इउस' म्हणजे कायदा, हक्क; त्यावरून 'इउस्तुस' म्हणजे न्यायी, योग्य. ऋग्वेदात 'शं योः' अशी एक जोडी पुन्हा पुन्हा येते. तिच्यातील 'योः'शी भाषाशास्त्रज्ञ या 'इउस'चे नाते जोडतात. तेथे अर्थ आहे क्षेम, कल्याण. रोमन न्यायसभेतील शब्दाची दूरची बहीण वैदिक मंत्रात कल्याण मागत उभी आहे, ही गोष्ट मला फार आवडते. लॅटिनमधून हा शब्द फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. आरंभी तो न्यायीच होता. न्यायी माणूस जसा कोणाला कमी देत नाही आणि जास्तही देत नाही, तसे जे माप नेमके ते 'जस्ट'. मग 'नेमके येथे', 'नेमके आता' हे अर्थ आले. 'नेमके तेवढे' मधून 'जेमतेम' निघाले, 'जेमतेम' मधून 'तेवढेच', आणि सतराव्या शतकाच्या सुमारास 'तेवढेच' मधून 'फक्त'. प्रत्येक पायरी दुसरीला लागूनच आहे; एकही उडी नाही. तरीही वरच्या पायरीवरून खाली पाहिले, तर न्यायासनापासून आपण किती खोल उतरलो हे कळते.

इंग्रजांना हसण्याचे मात्र कारण नाही. आपल्या 'केवळ' या शब्दाकडे पाहावे. संस्कृतात 'केवल' म्हणजे शुद्ध, निखळ, ज्यात दुसरे काही मिसळलेले नाही असे. त्याच्यापासून 'कैवल्य' झाले. आपल्या संतांनी ज्याच्यासाठी आयुष्य वेचले ती अवस्था. आणि आपण म्हणतो, 'केवळ दहा रुपये'! गंमत अशी की 'केवळ सुंदर!' असेही आपण म्हणतो आणि इंग्रजही अशा ठिकाणी 'जस्ट'च वापरतात. दोन्ही शब्द एकाच वाटेने घसरले आणि घसरताना दोघांच्याही हातात जुन्या वैभवाची एक चिंधी राहिली.

शब्द घसरतात, याचे मला फारसे दुःख नाही. नदी उतारानेच वाहते. मला चिंता वाटते ती वेगळ्या गोष्टीची. 'फक्त' हा शब्द आपण बहुधा कोठे वापरतो? जेथे न्यायाचा प्रश्न निघणार असतो, नेमका त्याच्या आधी. 'मी फक्त कारकून आहे', 'मी फक्त सांगितलेले केले', 'फक्त एकदाच', 'फक्त गंमत केली'. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे खटले चालले, तेव्हा आरोपींच्या बचावाचा मोठा भाग या एका 'फक्त'वर उभा होता. आम्ही फक्त हुकूम पाळले, हा तो बचाव. 1945 च्या लंडन सनदेनेच त्याचे उत्तर आधी देऊन ठेवले होते. वरिष्ठाचा हुकूम होता म्हणून जबाबदारीतून सुटका नाही. फार तर शिक्षा सौम्य करताना त्याचा विचार होईल. एवढ्या भयंकर उदाहरणाची आपल्या साध्या घरांना गरज नाही, असे कोणी म्हणेल. परंतु हे 'फक्त' आपल्याही घरातले आहे. देव्हाऱ्यापासून भांड्यांच्या मोरीपर्यंत त्याचा संचार आहे.

आणि उलटही होते. थोरला अर्थ कधीकधी धाकट्याहून अधिक फसवतो. संत ऑगस्टिन आणि संत थॉमस अक्विनास यांनी 'न्याय्य युद्ध' या कल्पनेचा विचार केला. अक्विनासने तीन अटी घातल्या: युद्ध पुकारणारी सत्ता अधिकृत हवी, कारण न्याय्य हवे आणि हेतू शुद्ध हवा. अटींचा उद्देश युद्धाला लगाम घालण्याचा होता. पुढे राज्यकर्त्यांनी त्या लगामाचेच चाबूक केले. 1989 च्या डिसेंबरात अमेरिकेने पनामावर सैन्य धाडले, तेव्हा त्या मोहिमेचे नावच 'जस्ट कॉज', म्हणजे न्याय्य कारण, असे ठेवले. नाव ठेवले की विचार करण्याचे काम संपले! पोप फ्रान्सिस यांनी 2020 मध्ये 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रात लिहिले की, जुन्या शतकांत तयार झालेल्या निकषांचा आधार घेऊन आज 'न्याय्य युद्धा'ची भाषा करणे फार अवघड झाले आहे. सेमिनरीत आम्ही ते निकष मुखोद्गत केले होते. परीक्षेत मला त्यावर चांगले गुणही मिळाले होते. हे आठवले की आता थोडे अवघडल्यासारखे होते.

पुन्हा योसेफकडे येऊ. मूळ ग्रीक शब्द आहे 'दिकायोस'. त्याच्या पाठीमागे हिब्रू 'त्सद्दिक' उभा आहे. इंग्रजी भाषांतरकारांनी 1582 च्या कॅथलिक नव्या करारातही आणि 1611 च्या राजा जेम्सच्या बायबलमध्येही 'जस्ट' हाच शब्द ठेवला. अलीकडच्या अनेक भाषांतरांतून तो गेला आहे. कोणी 'रायचस' म्हणतो. एका भाषांतराने तर 'नियमशास्त्राशी एकनिष्ठ' असा अर्थच उलगडून टाकला आहे. या शेवटच्या उलगड्याने एक कोडे समोर आणले, त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

कोडे असे. मरीयेचे वाग्दान झालेले आहे आणि ती गरोदर आहे. अनुवादच्या बाविसाव्या अध्यायातील नियम कठोर आहे. योसेफ नियम पाळणारा असेल, तर त्याने प्रकरण चव्हाट्यावर आणावयास हवे. तो ते करीत नाही. तिची बेअब्रू होऊ नये म्हणून गुपचूप सूत्र सोडण्याचे मनात आणतो. मग तो न्यायी 'असल्यामुळे' असे करतो, की न्यायी 'असूनही' असे करतो? मत्तयने मध्ये एक साधे उभयान्वयी अव्यय ठेवले आहे आणि अर्थ आपल्यावर सोपवला आहे. संत जेरोम म्हणतो की, मरीयेची शुद्धता योसेफला ठाऊक होती आणि जे घडले त्याचे आश्चर्य वाटून त्याने ते मौनात झाकले. संत जॉन ख्रिसोस्तोमला 'न्यायी' म्हणजे सर्व सद्गुणांनी युक्त, मवाळ मनाचा माणूस वाटतो. मला ख्रिसोस्तोमचे म्हणणे पटते. योसेफला सारे आधीच माहीत होते असे मानले, तर त्या रात्रीच्या त्याच्या तळमळीला अर्थ राहत नाही. त्याला काहीच समजत नव्हते आणि तरी तिच्यावर दगड पडू नयेत असे वाटत होते, यातच त्याचा न्याय आहे.

परंतु याला न्याय का म्हणावे? दया म्हणावी. रोमन कायदेपंडितांची व्याख्या सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या संग्रहात आली आणि तेथून ती अक्विनासपर्यंत पोचली. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची अढळ इच्छा म्हणजे न्याय. पारडे, वजन, नेमके माप. या व्याख्येत मरीयेला काय द्यावयाचे? या ठिकाणी मला ॲरिस्टॉटलचा आधार वाटतो. तो म्हणतो की कायदा सर्वसाधारण असतो आणि प्रसंग एकेकटा असतो. म्हणून कायद्याची उणीव भरून काढणारा समतोल विवेक लागतो आणि तोही न्यायच आहे, न्यायाहून बरा न्याय. उदाहरण तो गवंड्यांचे देतो. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची पट्टी वापरीत. दगड वेडावाकडा असला की ती पट्टी दगडाच्या अंगाप्रमाणे वाकत असे. आमच्याकडचे जुने गवंडीही दगडाचा 'चेहरा' पाहून तो बसवीत, ओळंबा नंतर लावीत. नाझरेथचा सुतार लाकडाची गाठ पाहून रंधा फिरवीत असणारच.

माझी स्वतःची पट्टी मात्र एकदा लोखंडी निघाली. ही गोष्ट मी पूर्वी कोठे लिहिलेली नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वी पूर्वेकडील डोंगरपट्टीतील एका धर्मग्रामात मी होतो. चर्चच्या कुंपणाची भिंत बांधावयास काढली होती आणि 1 मेच्या आत ती पुरी व्हावी अशी माझी घाई चालली होती. 1 मे हा कष्टकरी संत योसेफचा सण. पोप बारावे पायस यांनी तो 1955 मध्ये सुरू केला. कामावर जव्हारकडील काही आदिवासी कुटुंबे होती. शनिवारी संध्याकाळी मुकादम आठवड्याचे पैसे वाटीत असे. एका शनिवारी एक तरुण बाई कडेवर तान्हे मूल घेऊन माझ्याकडे आली. मंगळवारी दुपारी मुलाला ताप होता म्हणून ती त्याला पाजत झाडाखाली बसली होती. अर्धा तास, फार तर पाऊण. मुकादमाने तिचा अर्धा खाडा मांडला होता. रक्कम चाळीस रुपये.

मी मुकादमाला बोलावले. त्याने हजेरीची वही दाखविली. दुपारच्या शिटीनंतर जो कामावर नाही त्याचा अर्धा दिवस, हा नियम सर्वांना आधी सांगितलेला होता. वही चोख होती. मी ती बाईपुढे धरली. तिला वाचता येत नव्हते, हे मला ठाऊक होते. आणि मी म्हणालो, "एवढे फक्त चाळीस रुपये, बाई. थोडे ॲडजस्ट करून घे." ती काही बोलली नाही. मूल दुसऱ्या कडेवर घेऊन ती निघून गेली. पावसाच्या आधी ती माणसे गावाकडे परतली. भिंत वेळेत झाली. सणाच्या मिस्सेत मी कष्टाच्या प्रतिष्ठेवर प्रवचन केले आणि लोकांनी ते चांगले झाल्याचे सांगितले.

त्या प्रवचनासाठी मी पोप तेरावे लिओ यांचे 15 मे 1891 चे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्र पुन्हा चाळले होते. मालक आणि मजूर यांच्यात करार झाला म्हणजे न्याय झाला, हे मत त्यात स्पष्ट शब्दांत नाकारलेले आहे. कराराच्याही वर निसर्गाचा न्याय आहे आणि काटकसरीने राहणाऱ्या कामकऱ्याचे पोट भरेल इतके वेतन हा त्याचा हक्क आहे. याला इंग्रजीत 'जस्ट वेज' म्हणतात. या दोन शब्दांचा अर्थ मी प्रवचनात सांगितला आणि कार्यालयात दुसरा लावला: फक्त मजुरी. त्या सातवीतल्या मुलाने अजाणता जे केले ते मी जाणूनबुजून केले होते.

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. मळ्याचा धनी तिसऱ्या तासाला बाजारात जातो आणि तेथे उभ्या असलेल्यांना सांगतो की जे न्याय्य असेल ते मी तुम्हांला देईन. मत्तयने तेथेही 'दिकायोस'चाच शब्द वापरला आहे. रक्कम ठरत नाही, फक्त हा शब्द ठरतो. संध्याकाळी शेवटी आलेल्याला पुरा एक दिनार मिळतो. एक दिनार ही तेव्हा दिवसाची मजुरी होती. तेवढ्यात एका घराची त्या दिवसाची चूल पेटे. सकाळपासून राबलेले कुरकुरतात आणि त्यांची कुरकुर हिशेबाने अगदी बरोबर आहे. मी कितीतरी वर्षे या दाखल्यावर 'देवाची उदारता' असे प्रवचन केले. आता मला तसे वाटत नाही. धन्याने 'उदारपणे देईन' असे म्हटले नव्हते, 'न्याय्य ते देईन' असे म्हटले होते. मुलांना संध्याकाळी भाकरी लागते. ती बाप किती वाजता कामावर आला यावर ठरत नाही. ही बाब त्याने आपल्या मापात धरली होती. माझ्या मुकादमाच्या मापात ती नव्हती. त्याच्यावर मी दोष ठेवीत नाही. वही अखेर मीच पुढे केली.

आता त्या 'ॲडजस्ट'विषयी. हा शब्द आपण इंग्रजांपेक्षा अधिक वापरतो. विरार लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येऊन उभा राहतो आणि 'जरा ॲडजस्ट करा' म्हणतो. तिघेही न बोलता सरकतात. तेवढे अर्धे बूड टेकण्यापुरती जागा मिळते आणि चौथ्या सीटचा तो प्रवासी बोरिवलीपर्यंत सुखाने जातो. मला वाटे की या शब्दातही तो 'जस्ट'च आहे. शब्दकोश पाहिला तर निराळेच निघाले. याचे मूळ लॅटिन 'युक्स्ता', म्हणजे जवळ, शेजारी. जवळ आणणे, शेजारी ठेवणे हा त्याचा पहिला अर्थ; 'इउस्तुस'शी सोयरीक लोकांनी उच्चारसाम्यावरून मागाहून जोडली. म्हणजे लोकलमधील माणसे तो शब्द अगदी मुळाबरहुकूम वापरतात. मी ज्या बाईला 'ॲडजस्ट कर' म्हटले, तिला मी जवळ आणले नव्हते. सरकायचे होते ते मी आणि सरकविले तिला. नव्या नवरीला सासरी हाच शब्द सांगितला जातो आणि तेथेही बहुधा एकटी तीच सरकते. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत मी स्वतः तो सांगत आलो आहे. आता सांगताना मध्येच थांबतो.

मराठीला या बाबतीत एक शब्द बरा सापडला आहे, तो म्हणजे 'बरोबर'. मूळ फारसी, छातीला छाती लावून, असा. 'हिशेब बरोबर आहे' म्हणताना तो अचूक असतो, 'बरोबरीचे' म्हणताना समान असतो, आणि 'माझ्याबरोबर ये' म्हणताना सोबती. 'इउस्तुस' आणि 'युक्स्ता' दोघांचे काम तो एकटा करतो. मुकादमाची वही पहिल्या अर्थाने बरोबर होती.

याच शब्दकुळातील आणखी एक शब्द ख्रिस्ती जगात चारशेहून अधिक वर्षे भांडणाचा विषय झाला: 'जस्टिफिकेशन', देवापुढे नीतिमान ठरणे. मार्टिन लूथरच्या वेळी त्यावरून पाश्चात्त्य ख्रिस्तसभा फुटली. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व लूथरन ख्रिस्तसभांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या: आपण नीतिमान ठरतो ते देवाच्या कृपेने, आपल्या कर्माच्या हिशेबाने नव्हे. धर्मग्रामाचे पत्रक मी संगणकावर जुळवितो तेव्हा 'जस्टिफाय' नावाची कळ दाबावी लागते. आखूड-लांब ओळी दोन्ही कडांना समान होतात. यंत्र ओळीत शब्द वाढवीत नाही, फक्त शब्दांमधली जागा वाढविते. परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीला मात्र ते हात लावीत नाही. ती आहे तेवढीच आखूड राहते. आउग्सबुर्गचे निवेदन वाचले तेव्हा हे का कोण जाणे मनात आले. येथे त्याचा काही उपयोग नाही, पण सांगितल्याशिवाय राहवले नाही.

दुसऱ्या रविवारी मी पुन्हा त्या वर्गात गेलो आणि त्या मुलाला म्हणालो की तुझे उत्तर मी उगाच घाईने खोडले. योसेफ न्यायी होता आणि फक्त माणूसही होता. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही, इतका तो फक्त आहे. पिलाताच्या बायकोने निरोप पाठविला तेव्हा येशूलाही तिने हाच शब्द लावला, 'तो न्यायी माणूस'; आणि संत लूकच्या शुभवर्तमानात क्रुसाखालच्या शताधिपतीनेही तोच. मुलगा ऐकत होता. मग त्याने विचारले, "फादर, मग पिलात कोण होता? जस्ट गव्हर्नर?" या वेळी वर्ग हसला तेव्हा बाई ओशाळल्या नाहीत.

त्या बाईचा शोध मी घेतला होता. त्या भागात नंतर काम करणाऱ्या भगिनींकडे दोन-तीनदा चौकशी केली. नुसते 'कडेवर मूल असलेली बाई' एवढे सांगून कोण सापडणार? तिचे नाव मी विचारले नव्हते. वहीत ते होते, पण वही मुकादमाबरोबर गेली. ते चाळीस रुपये माझ्याकडे येणे नसून देणे आहेत असे मी धरून चालतो.

सध्या आमच्या सभागृहाचे काम चालू आहे. शनिवारी पैसे वाटण्याच्या आधी हजेरीची वही मी स्वतः पाहतो आणि जेथे अर्धा खाडा असेल तेथे त्या माणसाला बोलावून, नाव घेऊन, काय झाले होते ते विचारतो. यात तासभर मोडतो. मुकादमाला ते आवडत नाही.